बक्षीसस्पर्धा : कौशल्य आणि निकाल

वृत्तपत्रातील शब्दकोडे सोडवावे, अल्पसे शुल्क जोडून ते पाठवावे आणि बक्षिसाची वाट पाहावी, हा छंद स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत चांगलाच फोफावला. त्याला आवर घालण्यासाठी काही राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांवरून संसदेने १९५५ साली बक्षीसस्पर्धा अधिनियम केला. महिन्याकाठी एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे वाटणाऱ्या स्पर्धांना त्याने मनाई केली. लहान स्पर्धांना परवाना आवश्यक ठरला. बंगलोरहून चालणारी चमारबागवाला यांची शब्दकोडी या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे आली. आयोजकांचे उत्तर मोहोरबंद असे, आणि दोन सारख्याच समर्पक शब्दांपैकी कोणता शब्द त्यात आहे, हे स्पर्धकाने कितीही डोके लढविले तरी कळण्याजोगे नव्हते. न्यायालयाने १९५७ साली अशा कोड्यांना जुगार ठरविले. यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असणाऱ्या स्पर्धा मात्र या अधिनियमाच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्वाळा दिला.

तेवढ्याने आयोजक मोकळा होतो, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. मालाचा खप वाढविण्यासाठी घेतलेली स्पर्धा, मग ती दैवाची असो की कौशल्याची, १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथांत गणली. २००२ च्या दुरुस्तीने त्यात महत्त्वाची भर घातली : बक्षीसयोजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल स्पर्धकांपासून दडविणे, हीही अनुचित प्रथाच होय. योजनेची जाहिरात ज्या वृत्तपत्रात आली, त्याच वृत्तपत्रात निकाल वाजवी मुदतीत ठळकपणे छापला, तर तो कळविला असे मानले जाते. २०१९ च्या अधिनियमाने हा नियम कायम ठेवला. बक्षीस कोणाला मिळाले, की कोणालाच मिळाले नाही, हे कळण्याचा शुल्क भरणाऱ्याला दुसरा मार्ग तरी कोणता?

बक्षिसाचा पैसा कोठून येतो, हा प्रश्न याहून बिकट. ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमात २००७ साली प्रेक्षकांसाठी एक स्पर्धा होती. उत्तराच्या प्रत्येक संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. अचूक उत्तरे देणाऱ्यांतून सोडतीने विजेता निवडून त्याला दोन लाख रुपये देत. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या शुल्कातूनच वसूल होते आणि हे प्रेक्षकांना सांगितले गेले नाही, असे मानून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हा आदेश रद्द केला. बक्षिसे त्याच शुल्कातून दिली गेली, हे दाखविणारा पुरेसा पुरावा तक्रारदाराने पुढे आणला नव्हता.