डिझेल मालवाहू इंजिनांचे उत्तरायुष्य

यंत्राचे आयुष्य दोन प्रकारांनी संपते. एक तर ते झिजते, किंवा ज्या कामासाठी ते घेतले ते कामच उरत नाही. भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या बाबतीत आज दुसरे कारण अधिक प्रबळ ठरले आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या या मालमत्तेचा उरलेला उपयोग कसा करून घ्यावा, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा बनला आहे.

सुरुवात

अमेरिकेतील अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिने १९६२ मध्ये भारतात आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. २,६०० अश्वशक्तीच्या या इंजिनांनी मालगाड्या व प्रवासी गाड्या अशा दोन्ही ओढल्या. पुढे १९९५ पासून याच घराण्यातील ३,१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-३ए हे इंजिन खास मालवाहतुकीसाठी बांधण्यात आले. कोकण रेल्वेवर मालाने भरलेले ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा भारही डिझेल इंजिनांवरच होता.

झीज आणि पुनर्बांधणी

या इंजिनातील डिझेल यंत्र चाके थेट फिरवीत नाही. ते वीज निर्माण करते आणि त्या विजेवर आसांजवळील सहा मोटारी चालतात. त्यामुळे सर्व भाग एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. पिस्टन, बेअरिंग, टर्बो यांची झीज लवकर होते, तर मुख्य सांगाडा अनेक दशके टिकतो. लोकोशेडमध्ये वंगण तेलाचे नमुने तपासून त्यातील धातूच्या कणांवरून आतील झिजेचा अंदाज घेतला जातो व बिघाड होण्यापूर्वीच दुरुस्ती करता येते.

डिझेल इंजिनाचे आयुर्मान ३६ वर्षे धरले जाते आणि अर्ध्या वाटेवर, म्हणजे अठराव्या वर्षाच्या सुमारास, त्याची मोठी पुनर्बांधणी होते. पतियाळा येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. २,६०० अश्वशक्तीची अनेक इंजिने तेथून ३,१०० अश्वशक्तीची होऊन बाहेर पडली.

दुसरी कामे

मुख्य मार्गावरून उतरलेल्या इंजिनाला यार्डात शंटिंगचे काम मिळते. परंतु शंटिंगमध्ये इंजिन बराच काळ नुसते चालू राहते व मोठे यंत्र विनाकारण तेल जाळते. यावर उपाय म्हणून काही इंजिनांत लहान साहाय्यक यंत्र बसविण्यात आले. वादळाने किंवा पुराने विजेच्या तारा तुटल्या, तर मदतगाडी नेण्यास डिझेल इंजिनच उपयोगी पडते.

विद्युतीकरणाचा परिणाम

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. देशातील इतर ब्रॉडगेज मार्गांवरही ते पूर्णत्वाच्या जवळ आले. परिणामी कार्यक्षम इंजिनेही अतिरिक्त ठरली. वाराणसी येथे २०१८ मध्ये डिझेल इंजिनांच्या जोडीचे ६९ दिवसांत १०,००० अश्वशक्तीच्या विद्युत इंजिनात रूपांतर करण्यात आले. मात्र अशी रूपांतरे मोजकीच झाली. जुलै २०२० मध्ये भारताने बांगलादेशास दहा ब्रॉडगेज डिझेल इंजिने अनुदान म्हणून दिली. त्यांचे २८ वर्षे वा त्याहून अधिक आयुष्य शिल्लक होते. २०२३ मध्ये आणखी वीस इंजिने देण्यात आली.

निर्णयाची कसोटी

निर्लेखनाचा निर्णय केवळ वयावरून घेणे योग्य नव्हे. दुरुस्तीचा खर्च, तेलाचा खप, सुट्या भागांची उपलब्धता व प्रत्यक्ष कामाची गरज या चारही बाबी पाहाव्या लागतात. हीच कसोटी ग्रामपंचायतीच्या पंपाला किंवा जिल्हा परिषदेच्या रोलरलाही लागू पडते. चालू यंत्र वेळेआधी भंगारात काढणे हा अपव्यय आहे. काम उरले नसताना त्यावर खर्च करीत राहणे, हाही तितकाच अपव्यय होय.