चित्र अडकतं तेव्हा

"ताई, स्ट्रीम अटकून राहिली. कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" असा निरोप मला सतत येतो. मी नागपुरातून मराठीत बोलत गेमचं लाइव्ह स्ट्रीमिंग करते, त्यामुळे वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची मुलं हक्कानं विचारतात. त्यांचं पहिलं वाक्य मला नेहमीचं आहे, दुसऱ्यानं मात्र काळजी वाटते. कार्डाचे पैसे आईवडिलांच्या खिशातून येणार असतात आणि माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष कार्डात नसतोच. खर्च करण्याआधी काय तपासावं, ते अनुभवातून लिहिते आहे.

१. आधी दोषाचा पत्ता काढा.

गेमचं चित्र प्रेक्षकापर्यंत चार टप्प्यांतून जातं. ओबीएस हे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर ते पकडतं, कॅमेरा आणि चॅटच्या चौकटींसह एकत्र रचतं, मग एन्कोडर ते दाबून लहान करतो आणि शेवटी ते इंटरनेटवरून रवाना होतं. पकडतानाच गडबड झाली तर पडदा काळा दिसतो. बाकीच्या तीन टप्प्यांचा हिशोब ओबीएस स्वतः ठेवतं, पण तो उघडून बघणारे फार थोडे. डॉक्स मेनूतून स्टॅट्सची खिडकी उघडा. तिथे वाया गेलेल्या फ्रेम तीन वेगळ्या ओळींत मोजलेल्या असतात. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डाला उसंत नाही. एन्कोडिंग लॅगचा वाढत असेल तर एन्कोडर मागे पडतो आहे. नेटवर्कच्या ओळीत ड्रॉप्ड फ्रेम वाढत असतील तर प्रश्न इंटरनेटचा आहे.

या तिघांवर उपाय वेगळे आहेत आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग होत नाही. नेटवर्कवर फ्रेम गळत असताना नुसतं रिझोल्यूशन उतरवून काही साधत नाही, कारण बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचे बिट) तोच राहिला तर लाइनवरचा भार तेवढाच राहतो. उलट, एन्कोडर दमला असेल तर बिटरेट कमी करून त्याला फारसा आराम मिळत नाही. त्याला हलकं करायचं तर रिझोल्यूशन किंवा फ्रेमरेट उतरवावा लागतो.

२. स्ट्रीम चालू असताना रेकॉर्डिंगही करा.

स्ट्रीमच्याच एन्कोडरवरून रेकॉर्डिंग ठेवलं तर संगणकावर जास्तीचा भार जवळजवळ पडत नाही. नंतर फाइल उघडा. ती गुळगुळीत चालली आणि प्रेक्षकांकडे मात्र चित्र अडकत होतं, तर बिघाड घराबाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. फाइलही अडखळत असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करू नका, बिघाड तुमच्याच टेबलावर आहे.

३. स्पीड टेस्टचा मोठा आकडा म्हणजे खात्री नव्हे.

ती चाचणी काही सेकंदांची असते. स्ट्रीमला तास-दोन तास एकसारखा अपलोड लागतो, आणि डाउनलोडचा आकडा कितीही डोळे दिपवणारा असला तरी इथे त्याचं काही काम नाही. वर्ध्याच्या एका मुलाकडे फायबरची लाइन उत्तम होती, तरी रोज फ्रेम गळायच्या. राउटर होता दुसऱ्या खोलीत, लोखंडी कपाटामागे. लॅपटॉपला थेट लॅन केबल लावली आणि गळती थांबली. कार्डासाठी जमवलेले पैसे तसेच राहिले. केबल ओढणं शक्यच नसेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर या आणि राउटर त्याच खोलीत आणा, कारण हा पट्टा भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो.

बिटरेट अपलोडच्या तीन चतुर्थांशावर नेऊ नये, असं माझं मत आहे. घरात बाकीचेही मोबाइलवर काही बघत असतील तर निम्म्यावरच थांबावं. मोबाइल डेटावर स्ट्रीम करणाऱ्यांनी ओबीएसच्या प्रगत सेटिंगमधली कोंडी झाल्यावर बिटरेट आपोआप उतरवणारी सोय चालू करावी. चित्र थोडा वेळ धूसर होईल, पण थांबणार नाही. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, थांबलेलं चित्र सोडून जातो.

४. १०८०पीचा हट्ट सोडा.

हे मी सगळ्यांना सांगते आणि हेच कुणाला पटत नाही, म्हणून हिशोब मांडते. १०८०पीचं चित्र सेकंदाला ६० फ्रेमनं पाठवायचं म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. ७२०पीला तेवढ्याच फ्रेमसाठी साधारण ५ कोटी ५३ लाख. आता ६००० केबीपीएसचा बिटरेट धरा, म्हणजे सेकंदाला ६० लाख बिट. १०८०पीत एका पिक्सेलच्या वाट्याला बिटचा जेमतेम विसावा भाग येतो, ७२०पीत नववा. त्याच इंटरनेटमध्ये प्रत्येक पिक्सेलला दुपटीहून जास्त वाटा मिळतो.

याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. एन्कोडर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत काय बदललं एवढंच मुख्यतः लिहून ठेवतो. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये एरँगल नकाशाच्या गवतातून धावताना प्रत्येक पातं बदलत असतं, त्यात पाऊस किंवा धुराचा गोळा आला की बिट पुरत नाहीत आणि चित्राचा चिखल होतो. त्याच गेममधल्या मिरामार नकाशाच्या वाळवंटात तेच सेटिंग बरं दिसतं. बुद्धिबळाच्या पटावर तर फारच कमी बिटरेट पुरतो. म्हणून दुसऱ्याचं सेटिंग उचलण्याआधी तो कोणता गेम खेळतो ते विचारा. ट्विचच्या मार्गदर्शनात १०८०पी आणि ६० फ्रेमसाठी ६०००, तर ७२०पी आणि ६० फ्रेमसाठी ४५०० केबीपीएस दिलेले आहेत. तुमच्याकडे खात्रीचे ३००० च जात असतील तर ७२०पी, ३० फ्रेम ठेवा. मोबाइलवर बघणाऱ्याला ते स्वच्छ दिसतं. बिटरेट स्थिर, म्हणजे सीबीआर, आणि कीफ्रेमचं अंतर २ सेकंद, एवढं मात्र कुठेही ठेवा.

५. नवं कार्ड घेण्याआधी घरातलं हार्डवेअर ओळखा.

एन्कोडिंग लॅग दिसला की पहिलं काम म्हणजे ओबीएसमध्ये कोणता एन्कोडर निवडलाय ते बघणं. एक्स२६४ असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि तोच प्रोसेसर गेमही चालवत असतो. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांत एनव्हेंक नावाचा स्वतंत्र एन्कोडर असतो. तो २०१२ च्या केप्लर पिढीपासून आहे. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक हा तसाच एन्कोडर आहे, २०११ पासून. नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नसल्यानं तो मिळत नाही. पुष्कळांच्या जुन्या यंत्रात यातलं एक काहीतरी निघतं आणि एका ड्रॉपडाउनमध्ये काम होतं. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते: स्वस्त म्हणून जीटी १०३० हे कार्ड स्ट्रीमिंगसाठी घेऊ नका. ते एनव्हिडियाचंच असलं तरी त्यात एनव्हेंक नाही.

रेंडरिंग लॅगचं कारण बहुधा गेमची हाव असते. फ्रेमरेटला मर्यादा नसेल तर गेम कार्डाची सगळी ताकद वापरतो आणि ओबीएसला दृश्य रचायला सवड उरत नाही. गेमच्याच सेटिंगमध्ये फ्रेमरेटवर मर्यादा घाला, कार्डाचा वापर शंभर टक्क्यांच्या खाली आणा. विंडोजवर ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं तर त्याला कार्डावर प्राधान्य मिळतं. दोन्ही फुकट.

६. लॅपटॉपवर काळा पडदा आला तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं ग्राफिक्सचं पान उघडा.

पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोनदोन ग्राफिक्स असतात. गेम एकावर आणि ओबीएस दुसऱ्यावर चालत असेल तर पकडायला काही मिळत नाही. गेम कॅप्चर वापरताना ओबीएस गेमच्याच कार्डावर ठेवा. संपूर्ण पडदा पकडायचा असेल तर बहुधा अंगभूत ग्राफिक्सवर.

७. प्लेस्टेशनवाल्यांनी एचडीसीपी बंद करावं.

हे नक्कल रोखणारं कुलूप चालू असताना कॅप्चर कार्डाला चित्र मिळत नाही. आणि कार्ड यूएसबी ३ च्या पोर्टलाच लावा. न दाबलेलं १०८०पी ६० फ्रेमचं चित्र सेकंदाला सुमारे २ गिगाबिट मागतं, यूएसबी २ ची मर्यादा ४८० मेगाबिट आहे.

८. बिघाड कधी सुरू होतो ते लिहून ठेवा.

पहिला अर्धा तास छान आणि मग अडखळणं, हे उष्णतेचं लक्षण. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा मोबाइल स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि गेम, स्ट्रीम दोन्ही एकदम संथ होतात. कव्हर काढा, खेळताना फास्ट चार्जिंग टाळा, पंख्याचा झोत मागच्या बाजूनं येऊ द्या. लॅपटॉपची मागची कड उचलून ठेवा आणि पंख्यातली धूळ काढून घ्या. कूलरच्या थेट झोतात मात्र यंत्र नको, ती हवा ओली असते.

लाइट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो आणि स्ट्रीम तरी तुटते, कारण राउटर बंद पडलेला असतो. छोटा यूपीएस घेताना राउटरबरोबर फायबरचा डबाही त्यावर चालेल ना, आणि दोघांचे व्होल्ट जुळतात ना, ते बघून घ्या.

९. एकाच प्रेक्षकाची तक्रार असेल तर त्याचं इंटरनेट विचारा.

स्टॅट्समध्ये तिन्ही आकडे शून्य असतील तर सेटिंगला हात लावू नका. यूट्यूब सगळ्यांच्या स्ट्रीमचे कमी दर्जाचे पर्याय तयार करतं, त्यामुळे त्याला ४८०पी निवडायला सांगता येतं. ट्विचवर नव्या चॅनेलला हे पर्याय मिळतीलच असं नाही. तिथे तुम्ही पाठवाल तेच सगळ्यांना बघावं लागू शकतं, म्हणून बिटरेट प्रेक्षकांच्या कुवतीचाही विचार करून ठेवावा.

१०. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि खऱ्या वेळी तपासा.

चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यूट्यूबवर अनलिस्टेड स्ट्रीम लावा, गेममधली सगळ्यात गर्दीची जागा खेळा, स्टॅट्सचे आकडे वहीत उतरवा, मगच पुढचा बदल करा. चॅनेल नवं असेल तर लाइव्हची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या रात्री जागे होऊ नका. आणि स्पर्धा रात्री आठची असेल तर चाचणीही रात्री आठलाच घ्या. दुपारी तीनला सगळ्यांचीच लाइन मोकळी असते.