सातबाऱ्यामागचे पूर्वज

सतराव्या शतकातील इंग्लिश शेतकरी मरण पावला की त्याच्या गाई, नांगर, भांडी यांची किंमतवार यादी मृत्युपत्रासोबत बहुधा धर्मपीठाच्या न्यायालयात दाखल होई. त्या याद्यांवरून तेथील सामान्य घराण्यांचा इतिहास आज उभा राहतो. आपल्या पूर्वजांपाशी मृत्युपत्र करण्याइतकी मालमत्ता कोठून असणार? तरीही त्यांची नावे दप्तरात आहेत; कारण त्यांना राबवून घेणाऱ्या सत्तेला ती हवी होती.

अंबरनाथ-बदलापूर परिसरातील कुटुंबांनी आजच्या सातबाऱ्यापासून मागे जावे. त्यावरील फेरफार क्रमांक घेऊन गाव नमुना ६ पाहावा. वारस, खरेदी, गहाण तेथे उलगडते. जन्ममृत्यूच्या नोंदी नमुना १४ मध्ये, म्हणजेच कोतवाल बुकात, सापडतात. जमीन महार वतनाची असल्यास १८७४ चा वतन कायदा आणि १९५८ चा कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायदा ध्यानात ठेवावा. याच वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते.

जुन्या नोंदीत 'महार' लिहिलेले पाहून संकोचू नये. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा तोच पुरावा उपयोगी पडतो. आणि १९५६ नंतर त्याच घरातील नातवाने 'बौद्ध' लिहिले, हाच आपल्या इतिहासाचा गाभा आहे.

दप्तरात आजीचे नाव मात्र क्वचितच सापडेल. ते घरातील वृद्धांना विचारून आजच वहीत उतरवावे. पुढील पिढीसाठी तेच आपले दप्तर होय.