लॅपटॉपचा अँटीव्हायरस : फुकटचा की विकतचा?

प्रवेशाचे आणि पीक विम्याचे दिवस आले की परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या झेरॉक्स दुकानांत आणि सेवा केंद्रांत गर्दी होते. एकच पेन ड्राइव्ह चार संगणकांना लागतो आणि संध्याकाळी घरच्या लॅपटॉपमध्ये जातो. त्यामुळे अँटीव्हायरस हवाच. त्यासाठी पैसे मोजायचे की नाहीत, हे मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून ठरवू नका. पुढच्या क्रमाने गेलात तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

लागणारं साहित्य : लॅपटॉप, चार्जर, इंटरनेट, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक मोकळी दुपार.

कृती

१. विंडोज तपासा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. विंडोज १० असेल तर तिचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. विंडोजमध्येच राहिलेली भोकं अँटीव्हायरस बुजवत नाही, म्हणून आधी विंडोज ११ वर जा. लॅपटॉप ती पेलत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. ‘क्रॅक’ करून चालवलेली विंडोज असेल तर पहिला खर्च अस्सल विंडोजवर करा. क्रॅक चालवण्याआधी बहुतेक वेळा अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे दार आपणच उघडं ठेवतो.

२. आत आधीच काय आहे ते बघा. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा, तिथे ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा. कोणता अँटीव्हायरस चालू आहे ते तिथे दिसतं. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एखाद्या कंपनीची चाचणी-प्रत भरलेली असते. तिची मुदत संपली की नव्या व्हायरसची ओळख तिला मिळत नाही, नुसत्या पैशांच्या सूचना येत राहतात. मुदत संपलेली प्रत काढून टाका आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. विंडोजसोबत मोफत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपोआप जागा घेतो. दोन कंपन्यांचे अँटीव्हायरस एकत्र कधीच ठेवू नका. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि लॅपटॉप रखडतो.

३. डिफेंडर नीट लावा. ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये ‘रिअल-टाइम’, ‘क्लाउड’ आणि ‘टॅम्पर’ ही तिन्ही प्रोटेक्शन चालू हवीत. अपडेट घ्या, मग ‘फुल स्कॅन’ लावा. त्याला तास-दोन तासही लागू शकतात, चार्जर जोडून ठेवा. संशय उरलाच तर ‘ऑफलाइन स्कॅन’ करा. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने लपलेला व्हायरसही सापडण्याची शक्यता वाढते.

४. पेन ड्राइव्हची सवय लावा. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह लावल्यावर लगेच उघडू नका. त्यावर राइट क्लिक करून आधी स्कॅन करा. आत तुमच्या फोल्डरऐवजी कोपऱ्यात छोटा बाण असलेली चिन्हं दिसली तर तो शॉर्टकट व्हायरस असण्याची शक्यता मोठी. त्या बाणाच्या चिन्हावर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. तुमच्या फाइली बहुधा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. म्हणून घाईघाईत पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका.

५. आता वापराचा हिशोब मांडा. घरी एक-दोन जण अभ्यास, ईमेल आणि बँकेसाठी लॅपटॉप वापरत असतील तर डिफेंडर पुरतो. आपलं सरकार सेवा केंद्र, कर सल्लागाराचं ऑफिस, शाळेची संगणक खोली यांचं तसं नाही. तिथे लोकांचे आधार, पासबुक आणि सातबारा असतात, अनोळखी पेन ड्राइव्ह रोज लागतात. पेन ड्राइव्हवर बंधन, सगळ्या संगणकांवर एका ठिकाणाहून नजर आणि अडल्यावर फोनवर मदत, यांसाठी तिथे पैसे मोजावेत. मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचं असेल तर मायक्रोसॉफ्टची मोफत ‘फॅमिली सेफ्टी’ आधी वापरून बघा.

६. दुसरा फुकटचा घेताना अटी वाचा. ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकटच्या मालाची किंमत कधी कधी अशीही वसूल होते.

७. विकतचा घेताना पारखून घ्या. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटीव्हायरसच्या स्वतंत्र चाचण्या घेतात. त्यांचे ताजे निकाल बघा. आपल्याकडचं क्विक हील पुण्याचं. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून या धंद्यात आले आणि भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला. नाव आपलं असलं तरी कसोटी तीच लावा. आधी चाचणी-प्रत चालवा, लॅपटॉप मंदावतो का बघा. किती उपकरणं, किती वर्षं आणि दुसऱ्या वर्षी किती रुपये, हे विचारा. पक्कं बिल घ्या, आपोआप पैसे कापणारं नूतनीकरण बंद ठेवा.

८. शेवटी बॅकअप. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा प्रबंध असो की दुकानाचे हिशोब, दर आठवड्याला हार्ड डिस्कवर प्रत काढा आणि हार्ड डिस्क लॅपटॉपपासून वेगळी करून ठेवा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, जोडलेली डिस्कही सोडत नाही.

लक्षात ठेवा : ओटीपी तुम्हीच सांगितला तर कोणताही अँटीव्हायरस तुम्हाला वाचवू शकत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. व्हायरस काढण्याची मोफत साधनं केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात.

थोडक्यात, घरच्या लॅपटॉपला अस्सल विंडोज, चालू असलेला डिफेंडर आणि बॅकअप पुरेसा आहे, वाचलेल्या पैशांतून हार्ड डिस्क घ्या. पण लोकांची कागदपत्रं तुमच्या संगणकावर येत असतील तर विकतचा अँटीव्हायरस घ्याच, कारण तिथे प्रश्न दुसऱ्याच्या विश्वासाचा असतो.