वालीव नाक्यापर्यंतच जायचंय

माणूस पडायला लागला की हात आधी पुढे जातात. हे कुणी शिकवावं लागत नाही आणि कितीही ठरवलं तरी आवरता येत नाही. गाडीवरून पडतानाही तेच होतं. डोकं वाचेल, गुडघा वाचेल, तळहात मात्र रस्त्याला लागतोच. म्हणून ज्याचं पोट हातावर आहे त्याने हेल्मेटनंतरची पहिली खरेदी हातमोज्यांची करावी, असं मी वसईच्या वालीवमधल्या स्पोर्ट बाइकवाल्या पोरांना भेटेल तिथे सांगतो. मी इथेच एका गाळ्यात लेथ आणि मिलिंगवर काम करतो. मायक्रोमीटर धरायला अंगठा आणि दोन बोटं लागतात. ती धड असली तरच महिन्याचा पगार.

पाळी सुटायच्या वेळी वालीव नाक्यावर उभं राहिलं की अर्धी गोष्ट डोळ्यांना दिसते. आर-१५, आरसी, ड्यूक, आरएस-२००, मध्येच एखादी अपाची. २०१२ च्या जानेवारीत ड्यूक २०० आली, चाकणला बनलेली, आणि हप्त्यावर मिळणारी गाडी एकदम भलतीच ताकदवान झाली. आधी शंभर-सव्वाशे सीसीवर कामाला येणारा मुलगा आता तिच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची गाडी घेऊन त्याच रस्त्याने त्याच कंपनीत येतो. रविवारी पहाटे हीच पोरं वसई फाट्याला जमतात. कुणी शिरसाडवरून वज्रेश्वरीला, कुणी मनोरहून वाघोबा खिंडीकडे, कुणी सरळ चारोटीपर्यंत. तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, गुडघ्याला गार्ड, पायात बूट, हातात मोजे, सगळं व्यवस्थित असतं. ग्रुपचा नियमच असतो, गियर नाही तर यायचं नाही. नियम चांगला आहे. पण सोमवारी सकाळी तोच मुलगा हेल्मेट कोपरात अडकवून, पायात सँडल घालून सातिवलीहून येताना दिसतो. विचारलं तर म्हणतो, ‘दादा, नाक्यापर्यंतच जायचंय.’

मी पडलो ते याच रस्त्यावर. जून महिना, पाऊस नुकता लागलेला. पहिल्या सरींनी रस्त्यात मुरलेलं ऑइल वर येतं, त्यात डंपरच्या चाकांनी आणलेली माती. दुसरी पाळी संपवून निघालो होतो. डोक्याला फुलफेस हेल्मेट, पट्टा लावलेला. अंगात रायडिंग जॅकेट. हातमोजे भिजू नयेत म्हणून बॅगेत ठेवलेले. हायवेला लागायच्या आधीच्या वळणावर पुढचं चाक सटकलं. वेग चाळिशीच्या आत. गाडी उजवीकडे आडवी झाली आणि मी तिच्या मागोमाग घसरत गेलो. जॅकेटच्या कोपरावर नुसता पांढरट ओरखडा उमटला होता, हेल्मेटच्या हनुवटीवर चरे पडले होते. उजव्या तळहाताची साल मनगटापासून करंगळीच्या बुंध्यापर्यंत निघाली होती.

दवाखान्यात सिस्टरने सलाइन ओतून जखम धुतली आणि मग बारीक ब्रशने घासून एकेक खडा काढला. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, तरी जीव वर आला. ‘कच आत राहिली तर पिकेल, नाही पिकली तर कातडीखाली काळा डाग कायमचा राहील,’ त्या म्हणाल्या. डॉक्टरांचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. अंगठा ताणायला लावून त्याच्या बुडाशी मनगटावर जो खळगा पडतो, तिथे ते बोटाने दाबून पाहत होते. त्या जागी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. हात टेकून पडणाऱ्याचं ते बरेचदा मोडतं. त्याला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे जुळायला महिने लागतात. शिवाय पहिल्या एक्स-रेत बरेचदा फ्रॅक्चर दिसतही नाही. माणूस मुरगळलं समजून कामावर जातो आणि हाड तसंच राहून जातं. माझं शाबूत निघालं. तरीही जखम भरेपर्यंत मशीनसमोर उभं राहता आलं नाही. गाळ्यातल्या माणसाला हजेरी नाही तर पैसे नाहीत. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची आणि घास डाव्या हाताने घ्यावा लागायचा. चांगल्या मोज्यांची किंमत दोन-अडीच हजार. बुडालेली मजुरी त्याच्या कितीतरी पट होती.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिसमधल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. अपघाताच्या आधीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता आणि प्रत्यक्ष आदळताना तो ३५ च्या घरात आला होता. बहुतेक अपघात छोट्या कामाला निघालेल्यांचे, घरापासून फार लांब न गेलेल्यांचे होते. किराणा आणायला, मित्राकडे, फिरायला. शहर वेगळं, काळ वेगळा, पण वालीव ते वसई फाटा हा रस्ता त्या अहवालात चपखल बसतो. इथे रिक्षा न बघता वळते, ट्रेलर गेटातून उलटा बाहेर येतो, हायवेवर काँक्रीटच्या आणि डांबराच्या पट्ट्यांत कड राहिली असेल तर पुढचं चाक तिला घासून गाडी भरकटते. हे सगळं तीस-चाळीसच्या वेगातच घडतं.

आता घसरण्याचा हिशेब. साठच्या वेगाने पडलेला माणूस कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत वीसेक मीटर घसरतो, त्याला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. साधी जीन्स एवढ्या घासण्यात सेकंदभरही धड टिकत नाही. पुढचा वेळ कातडी रस्त्यावर घासते. लेदर किंवा जाड कॉर्ड्युरा तेवढा वेळ निभावून नेतं. जॅकेटचं खरं काम हेच. मोजे घेताना तळहाताच्या टाचेवर, म्हणजे मनगटाजवळच्या उंचवट्यावर, कडक प्लास्टिकचा तुकडा शिवलेला आहे का ते आधी पाहा. हात रस्त्याला चिकटून मनगट मागे दुमडू नये, सरकत जावं, म्हणून तो असतो. मनगटाला आवळणारा पट्टाही हवाच. नाहीतर पडताना हात एकीकडे आणि मोजा दुसरीकडे. भिजण्याची काळजी असेल तर वरून पावसाळी कव्हर घाला, पण मोजे बॅगेत ठेवू नका.

हेल्मेटबद्दल लोकांची समजूत दोन टोकांची आहे. एका टोकाला पोलिसांपुरती टोपी. भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला खोटा शिक्का मारलेली हेल्मेटं सर्रास मिळतात. दुसऱ्या टोकाला, भारीतलं हेल्मेट घातलं की दीडशेला काही होत नाही अशी खात्री. युरोपातल्या ईसीई २२.०५ या मानकात हेल्मेट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला साडेसात मीटर वेगाने आपटतात. म्हणजे ताशी २७ किलोमीटर. जवळपास तीन मीटर उंचीवरून पडल्यावर येतो तेवढा वेग. नव्या २२.०६ मध्ये याहून कमी-जास्त वेगाच्या आणि तिरक्या टकरींचीही भर पडली, कारण डोकं गरकन फिरल्याने मेंदूला होणारी इजा वेगळी असते. आकडा ऐकून पोरं म्हणतात, मग शंभरला याचा उपयोग काय? उपयोग आहे. सीटवरून रस्त्यापर्यंत डोकं जेवढ्या उंचीवरून पडतं तो मार हेल्मेट झेलतं. पुढचा वेग घसरण्यात जिरतो. पण वाटेत दुभाजक आला, खांब आला, किंवा दिवे बंद करून कडेला उभा केलेला कंटेनर आला, तर जिरायला जागाच उरत नाही. त्या टकरीच्या वेगाला कुठलंही हेल्मेट तपासलेलं नसतं.

‘लेव्हल टू आहे दादा, काही होत नाही,’ असं पाठीच्या पॅडवर थाप मारून सांगणारा मुलगा मला उघड्या हाताने फिरणाऱ्याइतकाच घाबरवतो. लेव्हल टू म्हणजे लेव्हल वनपेक्षा कमी धक्का आत पोचतो, एवढंच. पाठ पिळवटली गेली तर पॅड काय करणार? डकार रॅलीतले आपले सी. एस. संतोष २०२१ च्या जानेवारीत सौदी अरेबियात पडले. जगातलं उत्तम साहित्य अंगावर होतं, उचलून न्यायला हेलिकॉप्टर होतं, तरी त्यांना औषधं देऊन कोमात ठेवावं लागलं. मोटोजीपीत तर २०१८ पासून एअरबॅगचा सूट सक्तीचा आहे, आणि ते लोक पडतात तिथे घसरायला मोकळी जागा आणि खडीचे वाफे राखलेले असतात. पेल्हारपासून चिंचोटीपर्यंत असा एक तुकडा मला दाखवा. ज्याला खरोखर वेग हवा आहे त्याने पैसे साठवून चेन्नईचा किंवा कोइम्बतूरचा ट्रॅक गाठावा. चेन्नईला कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरं होतात, तिथे वळण कसं घ्यायचं, नजर कुठे ठेवायची हे नीट शिकवतात. मी हे मनापासून सांगतो. वेगाची ओढ वाईट नाही, मलाही आहे.

‘माझा जीव, माझी रिस्क’ हे वाक्य मला सहन होत नाही. गाडीचा हप्ता कुणाच्या नावावर आहे? दवाखान्यात बाहेर बाकावर रात्र कोण काढतं? आणि मागे जी बसते तिच्या जोखमीचं काय? २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार दगावले, असं केंद्र सरकारचा रस्ते अपघात अहवाल सांगतो. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. गाडी त्यांच्या हातात नव्हती. स्पोर्ट बाइकची मागची सीट उंच आणि अरुंद, धरायला धड काही नाही, ब्रेक लागला की मागचं माणूस चालवणाऱ्याच्या डोक्यावरून पुढे जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. दंड १,००० रुपये आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. पण दंडाचं सोडा. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो, असा अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. बायको किंवा बहीण मागे बसणार असेल तर तिच्या मापाचं दुसरं हेल्मेट घ्या. स्वतःचं जुनं सैल झालेलं तिला देऊ नका. पट्टा लावून मागच्या कडेला धरून वर-पुढे ओढा, निघून आलं तर ते माप नाही. एकदा आदळलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो, ते बदलायचं.

एक तक्रार खरी आहे, उकाड्याची. मे महिन्यात वसईच्या दमट हवेत जॅकेट घालून सिग्नलला उभं राहणं म्हणजे शिक्षा, आणि घामाने हैराण झालेला माणूस गाडीही वाईट चालवतो. जाळीचं जॅकेट घ्या, आत सुती बनियन घाला, पाणी प्या. पैशाची अडचणही खरी. ग्रुपमध्ये महागड्या बुटांवरून एखाद्या नव्या मुलाला हिणवतात ते मला मुळीच पटत नाही. त्याच्याकडे कंपनीने दिलेले सेफ्टी शूज असतात, घोट्याच्या वरपर्यंतचे, पुढे लोखंडी टोपी असलेले. रायडिंग बुटांची सर त्यांना नाही, पण सँडलपेक्षा हजारपटींनी बरे. लेस आत खोचली की झालं, नाहीतर गियरच्या लिव्हरमध्ये अडकते. हेल्मेट, मग मोजे, मग घोटा झाकणारे बूट, मग जॅकेट, शेवटी पँट. या क्रमाने दर दोन-तीन महिन्यांना एकेक वस्तू घेतली तरी वर्षात सगळं होतं. एक्झॉस्ट बदलायचे पैसे आधी यात घाला.

आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर. आधी मागून येणारी वाहनं थांबवा, मग जवळ जा. तो श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान दुखावलेली असू शकते. काच वर करा, बोलत राहा, १०८ ला फोन करा. श्वासच होत नसेल तर दोघांनी मिळून काढायचं. एकाने खालून मान आणि जबडा दोन्ही हातांनी स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट दोन्ही बाजूंना फाकवत हळूहळू सरळ रेषेत काढायचं. पोलिसांच्या भानगडीला घाबरून लोक पुढे येत नाहीत, पण कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही लागू आहे, तेव्हा नोंदीत असलेल्या रुग्णालयात न्यायचं आणि काउंटरवर या योजनेतून उपचार हवेत असं सांगायचं. स्वतःच्या हेल्मेटवर मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर चिकटवून ठेवा. फोनला लॉक असतो, तो फुटलेलाही असू शकतो.