मंचावरच्या पेटीविषयी भाच्यास पत्र

चि. बाळ यास,


तुझे कागद परवा मिळाले. सीक्वेन्सर चालविणारी नियंत्रण-पेटी आपल्याच हाताने घडवावी आणि तिच्या आधाराने येत्या हिवाळ्यात मंचावर सिंथेसायझर वाजवावा, हा तुझा संकल्प वाचून मला फार संतोष झाला. परंतु पंचांगाएवढ्या जागेत तू ३२ नॉब, त्यांची कामे बदलणारी ८ पाने आणि रंगीत पडदा यांची जी दाटी आराखड्यात केली आहेस, ती पाहून काही गोष्टी वेळीच कळविणे मला अगत्याचे वाटले, सबब हा मजकूर.

पेटी लहान असावी, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. तिच्यातून काय वगळायचे याचा फैसला मात्र पत्रा कापण्यापूर्वी झाला पाहिजे, आणि तो कागदावर होत नाही. तू एक पुठ्ठ्याचा खोका घे, त्यावर बाटल्यांची बुचे नॉब म्हणून चिकटव, आणि दहा संध्याकाळी दिवा मालवून, संगणकावर आपलीच रचना लावून, त्या मुक्या खोक्यावर वाजवीत बस. प्रत्येक संध्याकाळनंतर कोणत्या बुचाकडे हात गेला याची टाचणवहीत नोंद कर. दहाव्या दिवशी तुला असे आढळेल की, फिल्टर, नादाची लांबी, एखाद्या आवाजास गप्प करणे आणि पुढचा पॅटर्न बोलावणे, एवढ्याच गोष्टींसाठी हात पुन्हापुन्हा धावला. उरलेल्या गोष्टी घरी बसून ठरविता येतात. दोन नॉबांच्या केंद्रांत २० मिलिमीटरांहून कमी अंतर ठेवलेस, तर घामेजलेले बोट शेजारच्याला धक्का देईल, हेही तो खोका तुला बिनखर्चाने शिकवील.

तू नॉबांची जात ठरविलेली नाहीस, आणि येथे बरेच अडते. साधा पोटेन्शिओमीटर स्वस्त असतो व हाताला त्याची जागा कळते. पण पॅटर्न बदलला की नव्या पॅटर्नमध्ये फिल्टरची नोंद २० असताना नॉब मात्र १०० वर उभा राहतो, आणि स्पर्श होताच आवाज किंकाळी फोडतो. यावर दोन तजविजी आहेत: पॅटर्नमधल्या नोंदीपाशी पोचेपर्यंत नॉबाचा हुकूम मानायचाच नाही, किंवा अखंड फिरणारा एन्कोडर बसवून त्याभोवती दिव्यांचे कडे ठेवायचे. माझा कौल असा की, पाने एकदम काढून टाक, म्हणजे प्रत्येक नॉबास एकच कायमचे काम राहील. पॅटर्न बदलताना तेवढी पहिली तजवीज पाळ.

आता काळाविषयी लिहितो, कारण या विद्येचा प्राण तेथे आहे. वाद्यांना एकमेकांशी जोडणारी मिडीची तार १९८३ साली रूढ झाली तेव्हापासून तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच आहे. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद, म्हणजे तीन बाइटांच्या एका स्वराला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. चार स्वर एकाच क्षणी वाजावेत असे तू लिहिलेस, तरी तारेवरून ते एकामागून एकच जाणार. म्हणून ढोलाचा ठोका नेहमी रांगेत पहिला उभा कर, कारण लयीची चूक कान तेथेच पकडतो. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत घड्याळाची टिकटिक दर मात्रेस २४ वेळा, म्हणजे सुमारे २०.८ मिलिसेकंदांनी पाठवावी लागते, आणि ती दुसऱ्या संदेशाच्या मध्ये घुसूनही जाऊ शकते, एवढा तिचा मान नियमांतच राखलेला आहे. तोच मान तुझ्या प्रोग्रामने राखावा: काळाचा कारभार टायमरच्या इंटरप्टकडे सोपव, पडदा रंगविण्याचे काम उरलेल्या वेळात होऊ दे. मी स्वतः पहिल्या पेटीत याच्या उलट केले होते. गणेशोत्सवात एका मंडळाच्या मंचावर, पडद्यावर नवे नाव उमटेपर्यंत लय अडखळली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या ढोलकीवाल्याने माझ्याकडे मान वळवून पाहिले. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

वाजत असलेल्या प्रत्येक स्वराचा जमाखर्चही पेटीने ठेवला पाहिजे. पॅटर्न मध्येच बदलला तर सुरू झालेल्या स्वराला थांबविणारा संदेश पोरका होतो आणि स्वर लोंबकळत राहतो. म्हणून बदलापूर्वी आणि थांबतानाही त्या जमाखर्चात शिल्लक असलेला प्रत्येक स्वर नावानिशी बंद व्हावा. रचना साठविण्याचे काम वाजविणे थांबल्यावरच कर, कारण फ्लॅश स्मृतीत लिहिताना प्रोसेसर अनेकदा क्षणभर खोळंबतो.

बटणांविषयी थोडक्यात. सोळा बटणे चार गुणिले चारच्या जाळीत आठ तारांवर बसतात. पण तीन एकदम दाबली की न दाबलेले चौथेही दाबल्यासारखे दिसते, तेव्हा प्रत्येकाला एकेक डायोड लाव. बटणाचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो. पहिल्या स्पर्शालाच हुकूम मान व नंतरची थरथर दुर्लक्षित कर, खात्री करीत बसलास तर दिरंगाई बोटाला जाणवते. आणि मिडी घेणाऱ्या बाजूचा ऑप्टोकपलर जागेच्या लोभाने गाळू नकोस, तोच दोन यंत्रांच्या अर्थिंगमधली घरघर अडवितो.

तू पॅटर्नच्या पायऱ्या सोळाच ठरविल्या आहेस. १९८० च्या रोलंड टीआर-८०८ या ताल-यंत्रावर सोळा बटणे चारचारच्या रंगांत मांडलेली होती, आणि आपल्या तीनतालाच्या सोळा मात्राही चारचारच्या विभागांत आहेत, म्हणून ही मांडणी तुझ्या बोटांना आपली वाटली असेल. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी त्याच ८०८ ला टीबी-३०३ या बास-यंत्राची जोड देऊन १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. ते काम कित्येक वर्षे विस्मृतीत पडले आणि २०१० साली पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर ऐकले गेले. मिडी तेव्हा आलेला नव्हता, हे ध्यानात घेतले की त्या माणसाच्या हाताविषयी माझा आदर द्विगुणित होतो. पण रूपक सात मात्रांचा, झपताल दहांचा. तेव्हा शेवटची पायरी कोणती, हे वाजवीत असताना एका दाबाने ठरविता यावे, आणि प्रत्येक आवाजाची लांबी स्वतंत्र असावी. सातांचे आवर्तन सोळांच्या अंगावरून सरकत जाते आणि दोहोंची सम ११२ पायऱ्यांनी पुन्हा एकत्र येते, तो क्षण श्रोत्यांसमोर हाताने घडवून आणण्यासाठीच तर तुला ही पेटी हवी आहे, असे मी तुझ्या पत्रावरून समजतो.

सुटे भाग बुधवार पेठेत मिळतील. पोटेन्शिओमीटर मात्र चार जादा घे, नीट न फिरणारा एखाददुसरा निघतोच. मी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात येतो आहे. तोवर खोका आणि टाचणवही तयार ठेव, पत्र्याला भोके पाडू नकोस. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा