धानाचे पंचांग आणि वाढता उन्हाळा

वनस्पतींना पंचांग वाचता येत नाही, तरी त्यांचा ऋतू सहसा चुकत नाही. त्यांच्याजवळ दोन घड्याळे असतात : एक उष्णतेचे, दुसरे दिवसाच्या लांबीचे. पृथ्वी तापू लागली की पहिले घड्याळ पुढे धावते; दुसरे सूर्याशी बांधलेले असल्याने जागचे हलत नाही. याचा परिणाम काय होतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हिमालयाच्या उंच भागातील अनेक वनस्पतींची वाढ बर्फ वितळल्यावर सुरू होते. बर्फ लवकर वितळले तर कळ्या लवकर फुटतात आणि मागाहून आलेल्या थंडीत करपण्याचा धोका असतो. लवकर जागे होणे हा नेहमीच लाभ नसतो.

आपल्या लाखांदूर तालुक्यात बर्फ नाही, पण धान आहे. खरिपातील भारी धानाचे जुने वाण दिवस लहान होऊ लागले की निसवतात. उन्हाळी धानाचे वाण मात्र मुख्यतः उष्णतेच्या हिशेबाने वाढतात. मी शेतकऱ्याच्या घरचा असल्याने हा फरक मला बांधीतच दिसतो. धानाचे फूल दिवसा तास-दोन तासच उघडते. त्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर परागकोश नीट फुटत नाहीत व दाणा धरत नाही. भरलेली लोंबी वाकते. पोचट लोंबी ताठ उभी राहते.

रात्रीची उष्णताही बाधते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरील अभ्यासात २००४ साली असे आढळले की, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंशाने वाढले की उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते.

मग रोवणी लवकर का करू नये? कारण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पऱ्हे पिवळे पडून खुंटतात. एकीकडे थंडी, दुसरीकडे ऊन. ऊन जितके लवकर चढेल, तितका शेतकऱ्याच्या हातचा काळ कमी.

जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या मिळतात. २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर तोपर्यंतच्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकरचा ठरला. जुन्या नोंदी दरबारी लोकांच्या व भिक्षूंच्या रोजनिशींतून मिळाल्या. ते काही शास्त्रज्ञ नव्हते. तेव्हा मित्रांनो, आपण कला शाखेचे म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. आपापल्या गावात रोवणी कधी झाली, धान कधी निसवला, मोह कधी गळू लागला, एवढे दरवर्षी वहीत लिहून ठेवले, तरी पुढच्या पिढीला आपला उन्हाळा मोजता येईल.